धडधाकट लेकराला हिवतापाच्या गोळ्या? कोणत्या बऱ्या, आणि आपल्याकडं का देत नाहीत?

सेलूची_लेक

नमस्कार मंडळी. विषय लांबचा आहे, पण काळजी घरातलीच.

धाकटी बहीण नायजेरियात कानोला असते. तिचे मिस्टर तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. लेकरू दोन वर्षांचं. परवा दोघी बाया दारात आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर. पाच वर्षांच्या आतली किती लेकरं आहेत ते विचारलं, पेल्यात गोळ्या विरघळवल्या आणि आत्ता समोरच पाजा म्हणाल्या. उद्या-परवासाठी दोन गोळ्या वेगळ्या देणार होत्या. म्हणे दर महिन्याला येऊ, पावसाळ्याचे चार महिने. बहीण म्हणाली विचारून सांगते. तिनं मला फोन लावला, मी फोन आईकडं दिला आणि तिथंच चुकलं. आई म्हणे, "हसतंखेळतं लेकरू, त्याला औषध कशाला? ताप आला तर बघू."

आता तिच्यापुढं चार सल्ले आहेत. दारातल्या बायांच्या गोळ्या. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलेली मेफ्लोक्विन, आठवड्याला एकदा. शेजारीण म्हणते त्या फुकटच्या गोळ्यांनी पोरं ओकतात, त्यापेक्षा दुकानातून डी-पी आणा. चौथी ती नवी लस. यातलं बरं काय? आणि असलं काही सेलू-परभणीत मी तरी कधी पाहिलं नाही. आपल्याकडं का नाही?

उगीच_एक

पहिला! विषयातलं काही कळत नाही, चहा घेऊन बसतो.

मपलं_मत

तुमच्या मायचं बरोबर हाय. मपल्या दोन्ही पोरांनला कधी रोगाआधी औषध दिलं नाही. मच्छरदानी लावायची, कडुनिंबाचा धूर करायचा, बास. फुकट दारात आलेली वस्तू कुनाच्या फायद्याची असती ते आधी बघावं.

तापमापी

नांदेडला बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूल मी पाहिलेलं नाही. त्यामुळं ही फक्त माहिती समजा, अंतिम शब्द तिथल्या डॉक्टरांचा.

दारात आलेला प्रकार भोंदू नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली त्याची शिफारस केली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा पट्टा आहे: सेनेगल, माली, बुर्किना फासो, नायजर, उत्तर नायजेरिया. तिथला पाऊस आपल्यासारखाच चार महिन्यांत उरकतो आणि वर्षभरातला बहुतांश हिवताप त्या चार महिन्यांतच येतो. मरतात ती मुख्यतः पाच वर्षांच्या आतली लेकरं. म्हणून तेवढेच महिने, तेवढ्याच वयाला, महिन्यातून एकदा औषधाचा पूर्ण डोस द्यायचा. ताप असो नसो.

औषधं दोन असतात. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, म्हणजे एस-पी, पहिल्या दिवशी एकदाच. अमोडायाक्विन तीन दिवस, रोज एक. तुमच्या भाच्याच्या वयाला एस-पीची ५००/२५ मिलिग्रॅमची एक गोळी आणि अमोडायाक्विन साधारण १५० मिलिग्रॅम. वर्षाच्या आतल्या बाळाला याच्या निम्मं. दोन औषधं अशासाठी, की दोघं जंतूला वेगवेगळ्या ठिकाणी पकडतात. एस-पी त्याचं फोलेट, म्हणजे वाढीला लागणारं जीवनसत्त्व, तोडतं. जंतू रक्त खातो तेव्हा जे विषारी उरतं, ते त्याला निस्तरू न देण्याचं काम अमोडायाक्विनचं. एकाला जंतू सरावला तरी दुसरं हजर. दोन्ही अंगात काही आठवडे रेंगाळतात, म्हणून महिन्याचं अंतर चालतं.

ओकारीचं शेजारीण खोटं बोलत नाही. अमोडायाक्विन कडू आहे आणि पोटाला लागतं. सेनेगलमध्ये वेगवेगळ्या जोड्यांची तुलना झाली तेव्हा हीच जोडी सरस ठरली, पण ओकाऱ्याही अमोडायाक्विनवाल्या गटांतच जास्त. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर त्या बाया डोस पुन्हा देतात.

आता डी-पी, म्हणजे डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पायपेराक्विन. बुर्किना फासोमध्ये तिची या जोडीशी तुलना झाली. ताप रोखण्यात डी-पी मागं पडली नाही आणि मुलांना सोसलीही बरी. मग सगळीकडं तीच का देत नाहीत? कारण आर्टेमिसिनिन हा उपचाराचा हुकमी एक्का आहे. तापलेल्या लेकरासाठी राखलेलं औषध धडधाकट लेकरांना महिनोन्महिने पाजलं, की जंतू त्याला सरावायची भीती. रवांडा-युगांडाकडं तशी लक्षणं दिसूही लागलीत. त्यामुळं दुकानातून आणून मनानं देऊ नका. एक तर महिन्याचं गणित चुकतं, दुसरं म्हणजे खरा ताप आला तेव्हा तेच औषध द्यायची पाळी येते. मेफ्लोक्विनचं नंतर लिहितो, ओपीडी सुरू झाली.

भूमिपुत्र_औसा

डॉक्टर, शिफारस केली म्हणजे काय सिद्ध झालं? आफ्रिकेतली लेकरं म्हणजे परदेशी कंपन्यांची प्रयोगशाळा. आज गोळी, उद्या लस. आपल्याकडं आणायची नाटकं नकोत.

आकडेमोड

@भूमिपुत्र_औसा, या दोन्ही औषधांचं पेटंट कधीच संपलंय. अमोडायाक्विन आपल्या आजोबांच्या काळातलं. यात सोन्याची खाण नाही.

सिद्ध काय झालं ते असं. चाचण्यांचा २०१२ चा एकत्रित आढावा आहे. त्यानुसार साध्या आणि गंभीर, दोन्ही हिवतापांत साधारण तीन चतुर्थांश घट. नंतर सात देशांत प्रत्यक्ष गावोगावच्या वाटपाची मोजणी झाली: डोस दिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत संरक्षण ८८ टक्के, २९ ते ४२ दिवसांत ६१. सेलूच्या ताई, तुमच्या बहिणीच्या कामाचा आकडा हा आहे. फेरी दोन आठवडे लांबली तर छत्रीला भोक पडतं. २०१२ ला प्रत्येक फेरीत सरासरी दोन लाख लेकरांना ही औषधं मिळत होती, २०२३ ला सव्वापाच कोटींहून जास्त.

उगीच_एक

म्हणजे २५ टक्के डास तरी इमानदारीनं चावतात.

मावशी_गंगाखेडकर

डासाला नावं ठेवू नका, तो आपल्या गाववाल्यानंच पकडून दिलाय. म्हणजे गाववाला नाही, पण राज्य आपलंच. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात जंतू दिसला तो २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत. तेव्हा आपण सगळे निजामाचेच. हिवतापाच्या इतिहासात मराठवाड्याचा शेजार आहे म्हणायचा.

उगीच_एक

मावशी, विकासाच्या अनुशेषात हेही धरा.

निवृत्त_पट्टीवाला

धागा वाचून राहवलं नाही. ऐंशीच्या दशकात हिवताप कर्मचारी म्हणून लागलो. पट्टीवाला म्हणजे रक्ताच्या काचपट्ट्या घेणारा. खांद्याला पिशवी, सायकल, पंधरवड्याला प्रत्येक घर. ताप आलाय का, येऊन गेलाय का? हो म्हणाले की डाव्या हाताचं बोट टोचायचं, पट्टी घ्यायची, जागेवर क्लोरोक्विनच्या चार गोळ्या गिळायला लावायच्या आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायची. त्या चौकटीवर नवा चुना दिला म्हणून मी एका आजीशी भांडलोही आहे.

जुने लोक सांगायचे ते ऐका. १९५३ ला देशाची मोहीम सुरू झाली, १९५८ पासून निर्मूलनाची भाषा आली. डीडीटीनं साठच्या दशकात रोग एवढा खाली आणला की लोक गेला म्हणून मोकळे झाले. १९७६ ला देशात चौसष्ट लाख रुग्ण! आमच्याकडं त्याच सुमाराला जायकवाडीचं पाणी सुटलं. कालव्याचा पाझर, शेतातली डबकी, हिवतापाच्या क्युलिसिफेसीस डासाला आणखी काय पाहिजे? ऊस आला आणि मागोमाग थंडीताप आला, असं आम्ही म्हणायचो.

मुद्दा गोळ्यांचा. समोर गिळलेली गोळी पोटात जाते, हातात दिलेली कोनाड्यात. प्रायमाक्विन तेव्हा पाच दिवस असायची. पहिला दिवस मी बघायचो, उरलेले चार दिवस देव बघायचा. दिवाळीच्या सारवणात कोनाड्यातून माझ्याच गोळ्या निघालेल्या मी पाहिल्यात, वर जाळं धरलेलं. म्हणून त्या कानोच्या बायांनी पहिला डोस समोर पाजायचा हट्ट धरला, तो मला पटला. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं काय करतात त्या?

तापमापी

@निवृत्त_पट्टीवाला, काका, तुमचं दुखणं त्यांचंही आहे. दुसरा-तिसरा डोस आईच्या भरवशावर, घराघरात आठवण करून देणं एवढंच. म्हणून गोळी पाण्यात विरघळणारी आणि गोडसर चवीची केली. तरी अमोडायाक्विन ते अमोडायाक्विनच.

आता मेफ्लोक्विन. ही प्रवाशांची गोळी. आपल्यासारखं बाहेरून गेलेलं कुटुंब, अंगात हिवतापाशी कसलीच ओळख नाही, त्यांच्यासाठी. नेमानं घेतली तर संरक्षण या मासिक जोडीपेक्षा जास्त आणि बारमाही. पण आठवडा चुकवायचा नाही, मुलाला कधी झटके आले असतील तर द्यायची नाही, आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्याला ती पुरवणं अवघड. उलट मासिक जोडी चार महिन्यांपुरती. बाकीचे आठ महिने मच्छरदाणीच्या भरवशावर. म्हणजे स्थानिक लाखो लेकरांसाठी कोणती पद्धत बरी आणि या एका लेकरासाठी कोणती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही एकदम मात्र नकोत. कंपनीच्या डॉक्टरांची मेफ्लोक्विन सुरू झाली असेल तर दारातल्या बायांना तसं सांगायचं.

आणखी तीन गोष्टी. सल्फाची ॲलर्जी असेल तर एस-पी नाही. को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान, चालू असेल तरी नाही, तोही सल्फाच. आणि त्या दिवशी अंगात ताप असेल तर आधी तपासणी. हिवताप निघाला तर प्रतिबंध नव्हे, उपचार.

मपलं_मत

डॉक्टरसाहेब, सल्फानं कातडं सोलून निघतं असं ऐकलंय. आमच्या भावकीत एकाला झालतं.

तापमापी

होतं, क्वचित. आणि अमोडायाक्विन प्रवाशांना आठवड्याला देत असत ते ऐंशीच्या दशकात बंद केलं, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, काहींचं यकृत बिघडलं. लपवण्यासारखं काही नाही. फरक असा, की तिथं आठवड्यामागून आठवडे चाललेलं होतं, इथं महिन्यातून एकदा आणि वर्षाला चारदा. भीती रास्त आहे. दुसऱ्या पारड्यात साहेलमधल्या पावसाळ्यातला फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा जीवघेणा प्रकार आहे, एवढंच.

लातूरची_लाट

अवांतर: आमच्याकडं डास पावसाचे नाहीत, टंचाईचे आहेत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घरात टिप, हंडे, घागरी, बादल्या, जे दिसेल ते भरून ठेवलेलं. एका बॅरलमध्ये इतक्या अळ्या की आजी म्हणाली, पाण्याबरोबर मटणपण पाठवलंय. कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायला यायचे. दहा दिवसांतून एकदा नळ, कोरडा दिवस काय पाळता? रोजच कोरडा!

निवृत्त_पट्टीवाला

@लातूरची_लाट, ते बहुतेक एडिस. डेंग्यूवाले, दिवसा चावणारे. हिवतापाचा डास अंधार पडल्यावर येतो आणि बसतो तेव्हा बूड वर करतो. गप्पी मासे सोडा टिपात.

लातूरची_लाट

सोडले होते काका. पाणी संपलं, मासे मांजरानं नेले.

किनवटची_आशा

मी आशा आहे, किनवट तालुक्यातल्या पाड्यावर. "आपल्याकडं का नाही" याचं उत्तर माझ्या पेटीतच आहे.

आमच्याकडं रंगाची पाकिटं असतात. बाळाला गुलाबी, एक ते चार वर्षांना पिवळं, मग हिरवं, लाल आणि मोठ्यांना पांढरं. आरडीटीवर, म्हणजे झटपट रक्ततपासणीच्या किटवर, पीएफ (फाल्सिपेरम) निघाला की हे पाकीट. आत काय असतं? आर्टेसुनेट तीन दिवस आणि पहिल्या दिवशी एस-पी. म्हणजे सेलूच्या ताईंच्या भाच्याला ताप येऊ नये म्हणून जी एस-पी देतात, तीच आम्ही ताप आल्यावर देतो. मग तीच एस-पी धडधाकट लेकरांना पावसाळाभर पाजली, तर जंतू सरावल्यावर आमच्या पिवळ्या पाकिटात उरलं काय? प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नाही. धागा वाचताना पेटी उघडून बघितलं.

दुसरं, आमच्याकडं पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार, पण निघतो. तो यकृतात लपून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो. त्याला चौदा दिवस प्रायमाक्विन लागते. या मासिक गोळ्यांनी तो लपलेला निघतो का डॉक्टर?

तापमापी

@किनवटची_आशा, ताई, दंडवत. मी लिहिणार होतो ते तुम्ही माझ्याहून नीट लिहिलंत. ईशान्य भारत सोडला तर देशात फाल्सिपेरमला आर्टेसुनेट आणि एस-पी हेच आहे. ईशान्येत एस-पी चालेनाशी झाली म्हणून २०१३ ला तिथलं औषध बदललं. आणि ही पद्धत जिथं वापरतात तिथं नियमच आहे, की प्रतिबंधाचं औषध उपचारात असू नये. म्हणून त्या देशांत उपचाराला दुसरी जोडी असते.

व्हायव्हॅक्स: नाही. यकृतातल्या झोपलेल्या जंतूवर ना एस-पी चालते, ना अमोडायाक्विन. प्रायमाक्विन धडधाकट लेकरांना सरसकट देता येत नाही. जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम कमी असेल तर त्या पेशी फुटतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ती देतच नाहीत.

आकडेमोड

त्यात गणित घाला. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत वर्षाला हजार माणसांमागं हिवतापाचा एक रुग्णसुद्धा भरत नाही. हजार लेकरांना प्रत्येकी चार फेऱ्या, फेरीला तीन दिवस, म्हणजे बारा हजार वेळा लेकराचं तोंड उघडायचं. एखादा ताप टळेल, ओकाऱ्या मात्र शेकड्यानं. त्यापेक्षा आशाताईंच्या पेटीत किट कायम असलं तर बरं.

किनवटची_आशा

कायम असलं तर! गेल्या पावसाळ्यात किट संपले ते तीन आठवडे आलेच नाहीत. मागणीच्या कागदावर सही कुणाची, यावर दोन टेबलांचं भांडण चाललं होतं. तोवर मी पट्टी घेऊन मोटारसायकलवाल्याच्या हातानं पाठवायची. पट्टीवाले काका, अजून तसंच आहे बघा.

निवृत्त_पट्टीवाला

ताई, माझ्या वेळी पट्टीचा निकाल यायचा तेव्हा माणूस बरा होऊन बाजाराला गेलेला असायचा. तुमचं तीन आठवड्यांवर आलं, ही प्रगतीच.

भूमिपुत्र_औसा

आशाताईंचं पटलं. पण माझा विरोध वेगळ्या कारणानं बरोबर निघाला ना!

उगीच_एक

औशाच्या माणसाला मार्क द्या रे, कॉपी असली तरी.

डोंगरी_गुरुजी

चार महिने दारात जाताच आहात तर एखादं अँटिबायोटिक पण सोबत द्यावं. जुलाब, न्यूमोनिया तेही कमी होतील. असा कुणी विचार केला नाही का?

तापमापी

केला. बुर्किना फासो आणि मालीत या गोळ्यांसोबत ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहिलं, निकाल २०१९ ला आला. मृत्यू आणि दवाखान्यात भरती होणं, त्यात फरक पडला नाही. लसीचं मात्र उलट झालं. त्याच दोन देशांत आरटीएस-एस लस पावसाळ्याच्या तोंडावर आणि वर मासिक गोळ्या, असं करून पाहिलं. नुसत्या गोळ्यांपेक्षा दोन्ही मिळून हिवताप सुमारे ६३ टक्क्यांनी कमी. म्हणजे लस की गोळी, असं भांडण तिथं नाहीच.

मावशी_गंगाखेडकर

आणि दुसरी लस, आर-२१, ती आपल्या पुण्यात सीरमकडं बनते. २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. कानोला पोचायला तिला सेलूहून पुण्याला जाण्यापेक्षा कमी वेळ लागत असेल.

उगीच_एक

नांदेड-पुणे गाडीनं पाठवली तर लसीची मुदत संपेल.

सेलूची_लेक

सगळ्यांचे आभार. धागा मी बहिणीला जसाच्या तसा पाठवला, औशाच्या भाऊंसकट.

झालं असं. ती कंपनीच्या डॉक्टरांकडं लेकराला घेऊन गेली. मेफ्लोक्विन अजून सुरू केलेली नव्हती. लेकराला दोन महिन्यांचा असताना तापात एकदा झटका आलेला, हे ती सांगायलाच विसरली होती. ते ऐकून डॉक्टरांनी मेफ्लोक्विन बाजूला ठेवली. सल्फाची ॲलर्जी नाही, सेप्ट्रान चालू नाही, हे विचारलं आणि म्हणाले, सध्या मासिक गोळ्याच द्या, चार महिन्यांनंतरचं नंतर बघू. लसीची चौकशी करायला सांगितलंय. मच्छरदाणी बाराही महिने.

त्या बाया राहिलेल्या घरांसाठी परत आल्या तेव्हा तिनं पाजल्या. पहिला घोट सरळ बाईच्या ओढणीवर. ती हसली म्हणे, थोडा वेळ थांबली आणि दुसरा डोस विरघळवला. तो टिकला. पट्टीवाले काका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी इथून व्हिडिओ कॉल लावून बसले होते. पेला रिकामा दाखव म्हटलं.

निवृत्त_पट्टीवाला

शाब्बास पोरी. भिंतीवर तारीख टाकायला सांग. अठ्ठावीस दिवस मोजायचेत.

मपलं_मत

आन् आज्जीचं काय म्हननं?

सेलूची_लेक

आई म्हणते, "मी कुठं नको म्हणाले होते? विचारून द्या म्हणाले होते."